पेटिकोट लेन, रविवार सकाळ

आधी कान दुखायला लागतात, मग बोटं. ऑल्डगेटच्या भुयारी स्टेशनातून तुम्ही वर येता, तर रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग लागलेले. पांढरे नाहीत, कोळशाच्या धुराने काळवंडलेले. आज 16 फेब्रुवारी 1947, रविवार. क्यूच्या वेधशाळेत दोन तारखेपासून सूर्यप्रकाशाची नोंद नाही, आणि 22 तारखेपर्यंत व्हायचीही नाही. गर्दीत हे एकट्या तुम्हालाच ठाऊक आहे. कोळशाची टंचाई अशी, की गेल्या सोमवारपासून घराघरांतली वीज सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते चार बंद. युद्ध जिंकून पावणेदोन वर्षं झाली, तरी या शहराच्या हाडांतला गारठा गेलेला नाही.

तुमच्या अंगात शर्ट आणि आईने विणलेला स्वेटर. पुण्यात डिसेंबरच्या पहाटेही त्यात घाम फुटतो. इथे वारा त्याच्या विणीतून थेट छातीला भिडतो. कोट हवाच.

नवा मिळणार नाही. खिशात पौंडाच्या नोटा आहेत, कुपनं नाहीत. 1 जून 1941 पासून इथे कपडे रेशनवर आहेत आणि मार्च 1949 पर्यंत राहणार आहेत. पहिल्या वर्षी माणशी 66 कुपनं मिळाली. त्यांतली 26 एका सुटाला जायची आणि 16 एका ओव्हरकोटाला. म्हणजे एक सूट, एक कोट, आणि उरलेल्या 24 मध्ये वर्षभराचे शर्ट, मोजे, बूट. पुढे तर तीही कमी झाली. जुन्या कपड्याला मात्र कुपन लागत नाही, आणि जुन्या कपड्यासाठी लंडनमध्ये यायचं ते याच गल्लीत. पाटीवर मिडलसेक्स स्ट्रीट, लोकांच्या तोंडी पेटिकोट लेन. इथले बरेचसे व्यापारी ज्यू. शनिवारी शब्बाथ पाळायचा आणि रविवारी गाड्या लावायच्या.

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी शिरताना होतं तसंच इथे होतं: पाय आपले राहत नाहीत, गर्दी नेईल तिकडे जायचं. मधेच एखाद्या घराच्या जागी नुसता खड्डा, बॉम्बने पाडलेला, त्यात बर्फ साठलेला. त्या खड्ड्याच्या कुंपणालाही कोट टांगलेत.

पहिल्या गाडीवरचा माणूस तुम्हाला हेरतो. "घालून तर बघा साहेब, घालायला पैसे नाहीत." त्याच्या हातात काळा चेस्टरफिल्ड, मखमली कॉलरचा. लांबून बघाल तर लॉर्डाचा कोट. घाई करू नका. कोट घेताना माणूस आरशात स्वतःला बघतो आणि तिथेच फसतो. आधी कॉलर उचला. मानेशी मखमल घासून टक्कल पडलंय. ते चालेल, मखमल बदलता येते. आता कोट आभाळासमोर धरा. पाठीवर तीन ठिकाणी टाचणीएवढा उजेड आरपार येतो. कसर लागलीय. तीन भोकं दिसतात म्हणजे न दिसणारी दहा असतात. परत द्या.

दुसऱ्या रांगेत चट्टेरी सूट आणि रेनकोट, जवळपास नवे. लढाईवरून सुटलेल्या प्रत्येक सैनिकाला सरकारने एक खोकं दिलं: सूट, शर्ट, टाय, हॅट, रेनकोट, बूट. कित्येकांची खोकी वाटप केंद्राच्या फाटकाबाहेरच दलालांनी विकत घेतली. त्यातलाच हा माल. कापड वाईट नाही, पण रेनकोट पाऊस अडवतो, या थंडीपुढे त्याचं काही चालत नाही.

तिसऱ्या कोटाच्या आतल्या खिशापाशी कापडाची छोटी पट्टी आहे. तिच्यावर दोन सी आणि 41 हा आकडा. गोल चीजच्या वडीतून फोड कापून काढावी तसे ते सी दिसतात, म्हणून लोक या शिक्क्याला 'चीज' म्हणतात. रेजिनल्ड शिप यांनी काढलेलं हे चिन्ह म्हणजे सरकारने दर आणि दर्जा बांधून दिलेला माल. आज जुन्या कपड्यांचे शौकीन या पट्टीसाठी जीव टाकतात आणि मला ते पटतं. अडचणीच्या काळात सामान्य माणसाला धड कपडा मिळावा म्हणून एखादं सरकार कापडाच्या वजनापर्यंत लक्ष घालतं, ही मोठी गोष्ट आहे. याच काळातले काटकसरीचे नियम वेगळे, 1942 पासून दोनेक वर्षं चाललेले. जाकिटाला बटणांची दुहेरी रांग नाही, तीनपेक्षा जास्त खिसे नाहीत, पाटलोणीच्या पायाला दुमड नाही. पुरुषांनी त्यावरही तोड काढली: मुद्दाम लांब पाटलोण घ्यायची आणि घरी दुमडायची. हा कोट मात्र तुम्हाला खांद्यात आवळतो. खांदा बसला नाही की तिथेच थांबायचं. बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते, अस्तर नवं लावता येतं. खांदा उसवून पुन्हा बसवायचा म्हणजे नव्याने कोट शिवण्यासारखंच.

आता या करड्या कोटाकडे नीट बघा. रंग ताजा, कापड घट्ट, किंमत कमी. काहीतरी खटकतंय. वरचा छोटा खिसा उजव्या छातीवर आहे. पुरुषाच्या कोटाला तो डावीकडे असतो. हा कोट उलटवलेला आहे: शिंप्याने सगळे टाके उसवले, कापडाची झिजलेली बाजू आत घेतली, आतली ताजी बाजू बाहेर आणली आणि पुन्हा शिवला. तसं करताना डावं उजवं होतं, खिसा पलीकडे जातो. आपल्याकडे शर्टाची कॉलर उलटवून घ्यायचे, तीच तऱ्हा, फक्त अख्ख्या कोटाची. तो हाताळताना मला नेहमी त्या शिंप्याच्या बोटांचा हेवा वाटतो. पण एकदा उलटवलेला कोट पुन्हा उलटवता येत नाही; त्याचं दुसरं आयुष्य अर्धं वापरून झालंय.

पाचवा. गल्लीच्या वळणावर, एका म्हातारीच्या हातगाडीवर. मातकट तपकिरी, गुडघ्याच्या जरा वरपर्यंत, समोर बटणांच्या दोन रांगा, खांद्यांवर पट्ट्या. चामड्याच्या वाद्या विणून केलेली, छोट्या फुटबॉलसारखी गोल बटणं. हा ब्रिटिश वॉर्म, पहिल्या महायुद्धातल्या अधिकाऱ्यांचा कोट. बटणं सहा हवीत, आहेत पाच.

हातात घेतलात की मनगट खाली जातं. हे मेल्टन कापड. त्या काळी ओव्हरकोटाचं कापड वाराला 24 ते 30 औंस भरायचं, म्हणजे सातशे ते साडेआठशे ग्रॅमच्या आसपास. लोकर विणून झाली की साबणपाण्यात घालून मळायची, ठोकायची, ती आटते, धागे एकमेकांत असे गुंततात की वीण दिसेनाशी होते. मग वरची लव कापून सपाट करायची. असं कापड कात्रीने कापलं तरी कडेचा धागा सुटत नाही. धनगराची घोंगडी खांद्यावर घेतलेल्याला हा स्पर्श परका नाही. तिथे धाग्याला चिंचोक्याची खळ देतात, इथे लोकर ठोकून दाट करतात. वाऱ्याला वाट द्यायची नाही हा हेतू दोन्हीकडे एकच.

घाला. स्वेटरवरूनच घाला, कारण ओव्हरकोट एकटा घालायचा नसतोच. खांद्याची शिवण तुमचा खांदा संपतो तिथे संपते. हात वर करा, ट्रामचा दांडा धरल्यासारखा. कोट जागेवर राहतो, नुसता हात वर जातो. बगलेचा गाळा उंच कापलाय म्हणून. आजचे 'विंटेज' म्हणून विकले जाणारे बहुतेक कोट मला इथेच नापास वाटतात: गाळा खाली, हात उचलला की अख्खा कोट कानापर्यंत वर. दुकानात ही एवढी एक कसरत जरूर करा.

आता काजाच्या खाली, छातीपाशी, कापड चिमटीत धरा आणि दोन बोटांत चोळा. बाहेरचं कापड एक, आतलं एक, आणि मधे तिसरं काहीतरी सुटं सरकतं. तो घोड्याच्या केसांचा कॅनव्हास, शेकडो बारीक टाक्यांनी बसवलेला. त्याच्यामुळे समोरची घडी इस्त्रीने दाबल्यासारखी चपटी न पडता पानासारखी गोल वळते. चिमटीत नुसताच कडक पुठ्ठा लागला, तर आत डिंकाने चिकटवलंय असं समजा. पुढे कधीतरी तिथे फुगे येतात.

एक स्पष्ट सांगतो. पुण्या-नाशकात राहत असाल तर हा कोट घेऊ नका, कितीही मोह झाला तरी. तिथे ट्वीडचं एक जाकीट पुरतं. हॅरिस ट्वीड असेल तर उत्तमच. स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर विणकरांच्या घरी हातमागावर विणलेलं, आतल्या बाजूला गोल आणि क्रॉसचा शिक्का असलेलं. मेल्टन आहे लंडन, टोरांटोतल्या आपल्या माणसांसाठी, किंवा ज्याला दरवर्षी हिमालयात जायचंय त्याच्यासाठी.

भाव ठरतो. म्हातारी नोटा आत सारते, पण कोट तुमच्या हाती देत नाही. "असा कसा नेशील बाळा, बटण नाही त्याला." ती ऍप्रनच्या खिशातून एक चामडी बटण काढते, रंगाने जरा गडद, आणि मेण लावलेला दोरा. हातमोज्यांची बोटं कापलेली, नखं निळसर. बटण कापडाला टेकवून शिवत नाही. कापड आणि बटण यांच्यामध्ये आगपेटीची एक काडी धरते, तिच्यावरून सहा टाके घालते, काडी ओढून घेते. बटण सैल लोंबतं. मग उरलेला दोरा त्या सैल टाक्यांभोवती गरागरा गुंडाळत जाते, आठ-दहा वेढे, आणि बटणाला ताठ मान येते. एवढ्या जाड कापडाची काजाची बाजू त्या मानेखाली सुखाने बसते. दोरा दाताने तोडते.

ती स्वतःच तुम्हाला कोट घालते, लहान मुलाला घालावा तसा, खालून वर एकेक बटण लावत. शेवटी कॉलर उभी करते. वारा अजून तसाच आहे, गल्लीच्या तोंडाशी लोकांच्या टोप्या उडवतोय. तुम्ही ऑल्डगेटच्या दिशेने चालू लागता. डांबरगोळ्यांचा वास येतोय. वीस-पंचवीस पावलांनंतर दोन्ही खांद्यांच्या मधोमध, पाठीवर, थोडीशी ऊब धरते.