तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य

तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा पोलीस ठाण्यातील बलात्काराच्या आरोपासंबंधीचा, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली निकाली काढलेला फौजदारी खटला होय. आरोपी पोलीस निर्दोष सुटले. मात्र या निकालावरील टीकेतून भारतातील बलात्कारविरोधी चळवळीला चालना मिळाली आणि ‘प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली’ हे गृहीतक देशभर वादाचा विषय झाले.

घटना

२६ मार्च १९७२ रोजी रात्री देसाईगंज (तेव्हा चंद्रपूर, आता गडचिरोली जिल्हा) येथील पोलीस ठाण्यात एका अनाथ आदिवासी मजूर मुलीला जबाबासाठी आणण्यात आले. तिला पळवून नेल्याची तक्रार तिच्या भावाने केली होती. वैद्यकीय तपासणीनुसार तिचे वय १४ ते १६ वर्षांच्या दरम्यान होते. जबाबानंतर इतरांना बाहेर पाठवून तिला आत थांबवून घेण्यात आले. एका शिपायाने बलात्कार केला आणि हवालदाराने तिच्याशी लैंगिक गैरवर्तन केले, असा आरोप होता. हा खटला सर्वत्र तिच्याच नावाने ओळखला जातो. पीडितेची ओळख उघड करण्यास मनाई करणारी तरतूद नंतरची आहे.

निकाल

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडताना मुलीला शरीरसंबंधांची सवय असल्याचा मुद्दा पुढे केला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये हा निकाल फिरवला. धाकामुळे निमूटपणे शरण जाणे आणि संमती देणे या भिन्न गोष्टी आहेत, हे त्या निकालाचे सूत्र होते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचे पटत नाही आणि मृत्यूची वा इजेची भीती सिद्ध होत नाही, या कारणांवरून शिक्षा रद्द केली. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात अडकलेल्या गरीब मुलीला गणवेशाचाच धाक पुरेसा असतो, ही बाब त्या युक्तिवादात जवळजवळ दुर्लक्षितच राहिली.

खुले पत्र आणि चळवळ

उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या अभ्यासकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. विवाहपूर्व संबंधांविषयीच्या सामाजिक निषिद्धतेमुळे कोणत्याही तरुणीवरील पोलिसी बलात्कार क्षम्य ठरतो काय, अशा आशयाचा प्रश्न त्यांनी विचारला. वादाचा गाभा येथेच होता : मुलीची पूर्वायुष्यातील वागणूक हा पुरावा मानला जात होता. १९८० साली मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ हा गट स्थापन झाला आणि ८ मार्च रोजी अनेक शहरांत निदर्शने झाली. निकालाचा फेरविचार मात्र झाला नाही.

‘अब्रू लुटणे’, ‘इज्जत जाणे’ या मराठीतील रूढ शब्दप्रयोगांत अपराध्याच्या कृत्यापेक्षा स्त्रीच्या व तिच्या कुळाच्या नुकसानीवर भर असतो. कायद्याच्या मराठीत स्थिरावलेला ‘विनयभंग’ हा शब्दही याच वळणाचा आहे. चळवळीने प्रश्न अब्रूचा नसून देहावरील हक्काचा असल्याची मांडणी केली.

कायद्यातील बदल

१९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र, अधिक कठोर शिक्षेचा गुन्हा ठरला. अशा खटल्यांत शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर, संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे, अशी तरतूद (भारतीय पुरावा अधिनियम, कलम ११४-अ) झाली. फिर्यादी स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष अविश्वसनीय ठरवण्याची मुभा मात्र आणखी जवळपास वीस वर्षे टिकली. केवळ शारीरिक प्रतिकाराच्या अभावामुळे संमती ठरत नाही, हे स्पष्टीकरण कायद्यात २०१३ साली आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही ते कायम आहे. पत्नी १८ वर्षांखालील नसेल तर पतीने तिच्याशी केलेल्या संभोगास बलात्काराच्या व्याख्येतून वगळणारा अपवादही त्याच कलमात आहे.