‘बेल्जियमची हंडी’ : एका नावाची तपासणी

मालवण ते वेंगुर्ले या पट्ट्यातल्या जुन्या घरांत आणि देवळांच्या सभामंडपांत टांगलेल्या काचेच्या हंड्यांविषयी मी चौकशी करतो, तेव्हा बहुधा एकच उत्तर मिळते : ‘बेल्जियमची.’

हे नाव निराधार नाही. लिएजजवळचा व्हाल सेंट लॅम्बर्ट हा बिलोरी काचेचा कारखाना १८२६ साली सुरू झाला. पण बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीचे कलकत्त्यात दुकान होते, आणि पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानात येणाऱ्या काचसामानात ऑस्ट्रिया-हंगेरीचा, म्हणजे मुख्यतः बोहेमियाचा, वाटा मोठा होता. युद्धकाळात ती जागा जपानने घेतली. गिऱ्हाइकाला ठाऊक असे तो दुकानदार, कारागीर नव्हे. ‘बेल्जियम’ हे मग देशापेक्षा प्रतीचे नाव झाले असावे, असे माझे मत आहे.

हंडी उतरवून आधी बूड पाहावे. फुंकून घडवलेल्या भांड्याच्या बुडाशी लोखंडी सळई तोडल्याचा खरखरीत वण राहतो. उंची कामात तो घासून काढलेला असतो. उभी शिवण बोटाला लागली, तर साचा वापरलेला आहे. शिसे मिसळलेली काच जड असते आणि टिचकी मारल्यावर तिचा नाद रेंगाळतो. मात्र या खुणा घडण सांगतात, देश सांगत नाहीत. अतिनील दिव्याखाली हिरवी उजळणारी युरेनियमची काच बोहेमियात १८३०च्या दशकात होऊ लागली, पण पुढे ती इंग्लंड-फ्रान्समध्येही झाली.

भरवशाचा पुरावा अक्षरांचा : काचेवरचा शिक्का, चिकटवलेली चिठ्ठी, खरेदीची पावती. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असे नाव असेल, तर माल १९१८ नंतरचा. त्याआधी तो देशच नव्हता. पितळी साखळीवरच्या नावावर मात्र एकट्याने विसंबू नये, कारण साखळ्या बदलल्या जातात.

देशी शक्यताही तपासावी. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८चा, ओगलेवाडीचा १९१६चा. घरातल्या कंदिलाची काच तिथली असू शकते. आपल्याच जिल्ह्यात कासार्ड्याची सिलिका वाळू काचेसाठी जाते, हेही लक्षात असावे.

आज जीर्णोद्धारात हंड्या उतरतात आणि ‘बेल्जियम’ म्हणून विकल्या जातात. एकदा आकड्यावरून निघालेली हंडी कोणत्या देवळातली, कोणी वाहिलेली, हे पुन्हा कळत नाही. म्हणून देवस्थानांच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे : हंडी उतरवण्यापूर्वी जागेवरचे छायाचित्र घ्यावे, नंतर बुडाचे घ्यावे, जुन्या जमाखर्चाच्या वह्या चाळाव्यात, आणि पुरावा मिळेपर्यंत नोंदीत देशाचा रकाना रिकामा ठेवावा.