गाठ दिसते, जनुक दिसत नाही

लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १८८४ रोजी रिकमन गॉडली यांनी एका तरुणाची कवटी उघडली आणि मेंदूतून अक्रोडाएवढी गाठ बाहेर काढली. ती गाठ तोवर कोणीच पाहिली नव्हती. झटके कसे येतात, कोणत्या हातातले बळ गेले आहे, एवढ्यावरून चेताविकारतज्ज्ञ ह्यूज बेनेट यांनी तिची जागा सांगितली होती. रुग्ण महिनाभरातच जंतुसंसर्गाने दगावला, पण निदानाची जी रीत तेव्हा पडली ती अजून टिकून आहे: गाठीने मागे ठेवलेल्या खुणा वाचायच्या. वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्रे काढली, एगास मोनिश यांनी १९२७ मध्ये लिस्बनला रक्तवाहिन्या क्ष-किरणांत उठून दिसतील असे द्रव्य टोचले. दोन्हींत गाठ सहसा थेट दिसत नसे, दिसायचे ते तिने बाजूला ढकललेले शेजारी. डाय देऊन केलेल्या एमआरआयवरून गाठीतले जनुकीय उत्परिवर्तन ओळखायचा आजचा प्रयत्न याच घराण्यातला आहे. त्याचा इतिहास पाहिला तर चित्राला जनुकाची भाषा गाठीच्या तुकड्यानेच शिकवलेली दिसते. तुकडा टाळला गेला तिथे चित्र मुके राहिले.

रुग्ण ज्याला डाय म्हणतात तो रंग नसतो. गॅडोलिनियम धातूच्या आयनात सात इलेक्ट्रॉन जोडीविना असतात. त्यांच्यामुळे आसपासच्या पाण्यातले प्रोटॉन लवकर मूळ स्थितीवर येतात आणि टी-वन प्रकारच्या एमआरआय चित्रात ती जागा पांढरी उजळते. मोकळे गॅडोलिनियम विषारी असते, म्हणून बर्लिनच्या शेरिंग कंपनीत हान्स-योआखिम वाइनमान आणि सहकाऱ्यांनी ते एका रेणूच्या पिंजऱ्यात कोंडले. १९८४ मध्ये रुग्णांवरचे पहिले अनुभव प्रसिद्ध झाले, १९८८ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. निरोगी मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की हा पिंजरा त्यांतून बाहेर पडत नाही. भिंत खिळखिळी झाली असेल तिथेच तो झिरपतो. मधोमध मेलेल्या पेशींचा काळा भाग आणि भोवती जाड, वेडीवाकडी पांढरी कडा, हे ग्लायोब्लास्टोमा या मेंदूतल्या आक्रमक गाठीचे ओळखीचे रूप म्हणजे या गळतीचा नकाशा. भिंत कुठे फुटली ते त्यावरून कळते, कोणत्या जनुकामुळे फुटली ते कळत नाही.

जनुकाचा पत्ता लागला तो काढलेल्या गाठींमधून. २००८ मध्ये ग्लायोब्लास्टोमाच्या नमुन्यांचा जनुकीय आराखडा वाचताना आयडीएच-वन या जनुकातले उत्परिवर्तन सापडले. ते असलेले रुग्ण अधिक काळ जगतात हेही पुढे स्पष्ट झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये अशा खुणांना गाठींच्या वर्गीकरणात स्थान दिले आणि २०२१ पासून आयडीएच बदललेल्या गाठीला ग्लायोब्लास्टोमा म्हणणेच थांबले. मग जुनी चित्रे नव्या नजरेने पाहिली गेली. अशा गाठी बऱ्याचदा पुढच्या खंडात असतात, डायने कमी उजळतात, त्यांतला रक्तपुरवठाही बेताचा असतो, हे लक्षात आले. उत्तर आधी हाती होते, खुणा नंतर जुळवल्या. त्या खुणा फसवतातही: अजिबात न उजळणारी गाठ जनुकीय तपासणीत ग्लायोब्लास्टोमा ठरू शकते.

तुकड्याविना चित्र मुके राहते याचा सर्वांत कठोर पुरावा लहान मुलांच्या मेंदूस्तंभातल्या पसरट ग्लायोमाचा आहे. तिथे सुई घालून तुकडा काढणे, म्हणजे बायॉप्सी, धोक्याचे आणि एमआरआयवरचे रूप इतके ठळक की १९९३ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांच्या एका गटाने बायॉप्सीऐवजी एमआरआयवरच निदान करावे, अशी शिफारस केली. त्या काळी जनुक कळून उपचार बदलणार नव्हते, तेव्हा ती अविचारी म्हणता येत नाही. पण तिच्यामुळे तुकडे मिळणे जवळजवळ बंद झाले आणि कित्येक वर्षे या आजाराचे मूळ अंधारात राहिले. २००७ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयातून २४ मुलांच्या बायॉप्सीचा अनुभव प्रसिद्ध झाला. जाणत्या हातांत ती शक्य आहे हे दिसले. २०१२ मध्ये बायॉप्सी आणि शवविच्छेदनातून मिळालेल्या नमुन्यांत हिस्टोन या प्रथिनाच्या जनुकातले के-२७-एम हे उत्परिवर्तन सापडले, तेही बहुसंख्य मुलांत. चित्रावरचे निदान बहुतेक वेळा बरोबरच होते. तरीही त्या चित्रांतून हे जनुक कोणाला सापडले नाही.

तुकडाच हवा या म्हणण्यावर रास्त आक्षेप आहेत. सुई गाठीचा तांदळाएवढा कण आणते आणि एकाच गाठीत जागोजागी वेगळ्या पेशी असतात. चित्र मात्र गाठ अख्खी दाखवते आणि पुन्हापुन्हा काढता येते. हे मान्यच. म्हणूनच सुई कुठे घालायची हे ठरवायला उजळलेला भाग चांगला वाटाड्या ठरतो. दुसरा आक्षेप जनुकीय तपासणीच्या खर्चाचा. पण आयडीएचचा सर्वांत नेहमीचा बदल काचपट्टीवर प्रतिद्रव्याचा रंग देऊन ओळखता येतो, त्यासाठी अख्खा जनुकीय आराखडा वाचावा लागत नाही. तिसरा, संगणक माणसाला न दिसणारे पाहील हा. २०२१ मध्ये एमआरआयवरून गाठीतल्या एमजीएमटी या जनुकाची स्थिती, म्हणजे ते चालू आहे की बंद, हे ओळखण्याची मोठी जागतिक स्पर्धा झाली. नाणेफेकीला ०.५ गुण मिळतील अशा मोजपट्टीवर पहिला क्रमांक ०.६२ च्या आसपास थांबला. उद्याचा संगणक याहून सरस असेलही, पण त्याला शिकवायला आणि तपासायला लागणारे उत्तर काचपट्टीवरूनच येणार.

बेनेट यांचा तर्क बरोबर होता हे आज आपल्याला ठामपणे सांगता येते, कारण गॉडली यांनी कवटी उघडून पाहिले.