ग्वाल्हेरचे विजेतेपद

टेनिस म्हटले की विम्बल्डनची हिरवळ डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु या खेळावर चरितार्थ चालविणाऱ्यांपैकी बहुतेकांचे आयुष्य त्या हिरवळीपासून दूर, लहानसहान स्पर्धांत सरते. त्यांपैकी एकीची हकीकत येथे नमूद करावी असे आम्हांस वाटते. तिच्या वाटचालीत पुणे आहे, आणि आपणां बृहन्महाराष्ट्रीयांना जवळचे ग्वाल्हेरही आहे.

अंकिता रैना हिचा जन्म १९९३ साली अहमदाबादेत, मूळच्या काश्मिरी कुटुंबात झाला. चौदाव्या वर्षी ती पुण्यास आली आणि हेमंत बेंद्रे यांच्या हाताखाली तयार झाली. आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांनी पोटासाठी पुणे सोडले. ही मुलगी खेळासाठी पुण्यास गेली, याची आम्हांस मौज वाटते.

डिसेंबर २०१४ मध्ये पुण्यातच तिने २५ हजार डॉलरांची स्पर्धा जिंकली. हा आकडा वाचून कोणी दिपून जाऊ नये. सर्व खेळाडूंत वाटावयाची ती एकूण रक्कम. विजेतीच्या हाती तेव्हा सुमारे चार हजार डॉलर पडत. पहिल्याच फेरीत हरणारीस दोनशे-अडीचशे. विमानभाडे, मुक्काम, प्रशिक्षकाचा खर्च, रॅकेटच्या तारा, सारे त्यातूनच भागवावयाचे. शिवाय क्रमवारीचे गुण बावन्न आठवड्यांनी गळून पडतात. गतवर्षीची कमाई यंदा पुन्हा करावी लागते. दुखापतीने घरी बसणारास पगारी रजा नाही!

त्या विजयानंतर सव्वातीन वर्षे एकेरीचे एकही विजेतेपद तिला लाभले नाही. तरी ती खेळत राहिली. अशा वर्षांची बातमी वृत्तपत्रे सहसा छापत नाहीत. आमच्या मते कारकिर्दीचा खरा इतिहास त्यांतच असतो. मार्च २०१८ मध्ये ग्वाल्हेरला फ्रान्सच्या अमांदीन हेसला नमवून तिने हा दुष्काळ संपविला. स्पर्धा पुन्हा २५ हजारांचीच. पुढच्याच महिन्यात ती जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेंत आली, ऑगस्टमध्ये आशियाई क्रीडास्पर्धांत एकेरीचे कांस्यपदक मिळाले, आणि मार्च २०२० मध्ये तिने १६०वे स्थान गाठले. एकेरीतील तेच तिचे सर्वोच्च.

जानेवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धेची पात्रता फेरी महामारीमुळे दुबईत झाली. अखेरच्या सामन्यात ती हरली. एकेरीचे मुख्य दार एका सामन्याने हुकले. मेलबर्नला ती दुहेरी खेळली. पुढे फेब्रुवारीत तेथेच कामिला राखिमोवा हिच्यासमवेत तिने फिलिप आयलंड करंडकाची दुहेरी जिंकली आणि दुहेरीच्या क्रमवारीत पहिल्या शंभरांत प्रवेश केला. त्यावेळी तिचे वय २८ होते.