ढुटीचा डोह : एक स्मरण, एक कबुली



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या शाळेत येण्यापूर्वी काही वर्षे बालाघाट जिल्ह्यातील उकवा येथे होते. तेथे मी त्यांच्या हाताखाली शिकलो. जन्मभर मराठी वाङ्मयाचे अध्यापन केलेल्या माणसाने आज वाङ्मयावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. तथापि मी एका डोहाविषयी बोलणार आहे. गुरुजींनी मला इतिहासाचा पहिला धडा दिला तो त्या डोहाच्या काठावर.

उकवा हे मँगनीजचे गाव. माझे वडील तेथील खाणीत कारकून होते. गाव वसले आहे बैहरच्या पठाराकडे जाणाऱ्या घाटमाथ्यावर. या मुलखाची एक मौज अशी की, येथले पाणी दोन समुद्रांना वाटले जाते. पठारावरची बंजर नदी मंडल्याला नर्मदेस मिळते आणि पश्चिम समुद्राकडे जाते. उलट पश्चिमेच्या उतारावरील ओढे वैनगंगेत उतरतात, आणि वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, पुढे गोदावरीत शिरून पूर्व समुद्र गाठते. सिवनी जिल्ह्यातील मुंडाऱ्याजवळ उगम पावलेली ही नदी आधी उत्तरेकडे जाते, मोठे वळण घेते आणि मग बालाघाटातून दक्षिणेकडे भंडाऱ्यास उतरते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली; भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. माणसांच्या कचेऱ्या बदलल्या, शाळांची भाषा बदलली. नदीला मात्र त्याची वार्ता नव्हती.

लामट्याजवळ ढुटी येथे या नदीवर इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत, कालव्यासाठी बंधारा बांधला गेला. बंधाऱ्याखालचा डोह आमच्या लहानपणी मासेमारीसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. त्याचे कारण त्या काळी आम्हास उमगले नव्हते. पावसाळ्यात पुराबरोबर मासे अंडी घालण्यासाठी वर चढू पाहतात. वाट अडली की ते भिंतीच्या पायथ्याशी दाटी करतात. ज्याला आम्ही नदीचे वैभव समजत होतो, ती वस्तुतः अडलेल्या प्रवाशांची गर्दी होती.

आम्ही उकव्याहून मोटारीने घाट उतरून बालाघाटास येत असू आणि तेथून छोट्या गाडीने लामट्यास. गोंदिया-नैनपूर ही अरुंद लोहमार्गाची शाखा १९०३ साली सुरू झालेली. डब्यात गळाच्या काठ्या आणि कणकेच्या गोळ्यांचे पुडके घेतलेले शौकीन हमखास भेटत. काठावर ढीमर मंडळींची जाळी वाळत पडलेली असत. मरळ, शिंगाडा, सापासारखा लांब अहीर, आणि सगळ्यांचा राजा म्हणजे मोठ्या खवल्यांचा म्हसीर. म्हसीर गळाला लागला की धरणारा अर्धा तास बोलत नसे. गुरुजी स्वतः गळ टाकीत आणि बहुधा रिकाम्या हाताने परतत. त्याचे त्यांना काही वाटत नसे.

आता कबुलीकडे येतो. १९६२ चा उन्हाळा. मी बारा वर्षांचा. आमच्या गावाकडच्या एका मोठ्या मुलाने रस्त्याच्या कामावरील कोणा ठेकेदाराच्या माणसाकडून सुरुंगाचे दोन तोटे मिळविले. ते पिशवीत घालून ढुटीपर्यंत नेण्याचे काम मी केले. लहान मुलाची पिशवी कोणी तपासत नाही. डोहात बार उडाला. पाणी पांढरे झाले आणि मासे उताणे तरंगू लागले. आम्ही हर्षाने ओरडत उड्या टाकल्या.

गुरुजी त्या दिवशी वरच्या अंगाला बसले होते. ते खाली आले. त्यांनी हात उगारला नाही. इतकेच म्हणाले, “मोज.”

मी वाळूवर मासे मांडून मोजले. एकशे त्रेचाळीस.

“यांतले खाण्याजोगे किती?”

“नऊ, गुरुजी.”

“आणि बुडाले ते?”

बारामुळे फुटलेले कित्येक मासे तरंगत नाहीत, तळाशी जातात, हे मला तेव्हा कळले. हिशेबात न येणारे मेलेले! पुढे वाचनात आले की, सुरुंगाने मासे मारण्यास १८९७ च्या मत्स्य कायद्याने बंदी घातली होती आणि दोन महिन्यांपर्यंत कैद वा दोनशे रुपयांपर्यंत दंड ठेवला होता. कायदा पासष्ट वर्षांचा जुना आणि आमची पिशवी नवी.

गेल्या उन्हाळ्यात मी पुन्हा ढुटीला गेलो. छोटी गाडी आता नाही. मोठ्या लोहमार्गाने लामट्यास उतरलो. बंधारा उभा आहे. डोहही आहे, पण गाळाने उथळ झालेला. ढीमर समाजाचे एक वृद्ध गृहस्थ जाळे सांधत बसले होते. त्यांच्या टोपलीत तिलापिया होते, परदेशातून आणलेल्या जातीचे. म्हसीर किती वर्षांत पाहिला नाही, ते त्यांना आठवेना. २०११ साली मध्य प्रदेशाने म्हसीराला राज्यमत्स्याचा मान दिला, हे मी त्यांना सांगितले. ते नुसते हसले.

अहिराची गोष्ट आणखी करुण आहे. हा मासा वाढतो नदीत, परंतु वीण समुद्रात करतो. वैनगंगेतील अहिराला बंगालच्या उपसागरापर्यंत जावे लागते आणि त्याच्या पिलांना तेवढीच वाट उलट चढावी लागते. त्या वाटेवर गोदावरीच्या मुखाजवळ धवळेश्वरमचा बंधारा १८५२ मध्येच पुरा झाला. पवनीजवळ गोसीखुर्दच्या धरणाची कोनशिला १९८८ साली बसली. प्राणहितेच्या संगमाखाली मेडिगड्डाचा बंधारा २०१९ मध्ये आला. या पाण्यावर शेते पिकली, हे नाकारता येत नाही. पण ज्यांची उपजीविका वाहत्या पाण्यावर होती, त्यांच्या नावाची नोंद या हिशेबात ठळक अक्षरांत झाली नाही.

उठताना ते गृहस्थ म्हणाले, “बांधानं अर्धी नदी नेली, बाबूजी. उरलेली बारानं नेली. ते बार वरच्या गावांतली पोरं आणायची.”

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. “त्यांतला एक मी,” एवढे तीन शब्द मला साठ वर्षांनंतरही म्हणता आले नाहीत. मी त्यांना नमस्कार केला आणि स्टेशनाची वाट धरली.

ते आज येथे म्हणतो. मित्रहो, धरणे, कायदे, राज्यांच्या सीमा यांवर ऱ्हासाचा सारा भार टाकून इतिहास लिहिणे सोपे असते आणि त्यांत पुष्कळ तथ्यही असते. पण त्या यादीत कोठेतरी एका बारा वर्षांच्या मुलाची पिशवीही असते. ती वगळली तर लेखन नीटनेटके होते, खरे होत नाही. गुरुजींनी मला मोजायला सांगितले होते. तरंगणारे मी त्याच दिवशी मोजले. बुडालेल्यांचा हिशेब द्यायला मला सत्तरी ओलांडावी लागली. पुढच्या वर्षी प्रकृतीने साथ दिली, तर ढुटीला जाऊन त्या गृहस्थांनाही हेच सांगावयाचे आहे.