हलक्या फ्लायव्हीलची खडखड

पोर्शेची १९९२ ची ९११ करेरा आरएस न्यूट्रलमध्ये नुसती उभी असली, तरी तिच्या मागच्या भागातून एक कोरडी खडखड येत राहते. इंजिनाच्या आवाजात ती मिसळत नाही. धातूवर धातू आपटतोय हे कानाला स्पष्ट कळतं. क्लच दाबला की ती एकदम थांबते, सोडला की पुन्हा सुरू होते. ही गाडी पहिल्यांदाच घेणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण बिघडलेलं काहीच नसतं. ही खडखड कारखान्यातूनच गाडीबरोबर आलेली असते आणि तिचं मूळ शोधायला दोनशे वर्षांहून मागं जावं लागतं.

जड चाकात गती साठवण्याची युक्ती कुंभाराला हजारो वर्षांपासून ठाऊक होती. यंत्रात तिची खरी गरज पडली ती वाफेच्या इंजिनाला. दट्ट्या पुढे-मागे हलतो, गिरणीला मात्र गोल फिरणारा दांडा हवा असतो. जेम्स पिकार्डनं १७८० मध्ये क्रँकचं पेटंट घेऊन ठेवलं होतं, म्हणून जेम्स वॉटला १७८१ मध्ये सूर्याभोवती ग्रह फिरावा तशी दातेरी चाकांची वेगळी जोडणी काढावी लागली. पण वाट कुठलीही धरली तरी दट्ट्या टोकाला पोचला की क्षणभर जोर मिळेनासा होतो. तेवढा क्षण ओलांडून नेण्याचं काम फ्लायव्हीलनं, म्हणजे दांड्यावर बसवलेल्या जड चाकानं उचललं.

निकोलाउस ऑटोच्या १८७६ च्या चार-स्ट्रोक इंजिनानं ते काम आणखी अवघड केलं. दांड्याच्या दोन फेऱ्यांत एका सिलिंडरला ताकदीचा फटका एकदाच मिळतो. उरलेले तीन स्ट्रोक साठवलेल्या गतीवर काढायचे. आपल्याकडे विहिरीवर चालणाऱ्या जुन्या एका सिलिंडरच्या तेल-इंजिनाला एवढं अवजड चाक का असे, त्याचं उत्तर इथंच आहे. सिलिंडर वाढले तशी ही अडचण कमी झाली. चार सिलिंडरच्या इंजिनाला दर फेरीत दोन फटके मिळतात, सहाच्या इंजिनाला तीन. चाक हलकं करायला वाव मिळाला. तरी दांडा अगदी एकसारखा कधीच फिरत नाही. दर फटक्याला तो किंचित धावतो, मग किंचित रेंगाळतो.

हे धावणं-रेंगाळणं गिअरबॉक्सपर्यंत पोचलं की खडखड जन्माला येते. आजच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या सगळ्या गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्या असतात. ज्या गिअरमध्ये गाडी नाही, त्या जोडीतलं एक चाक आपल्या दांड्यावर मोकळं फिरत असतं. दात्यांमध्ये बारीकशी फट ठेवावीच लागते, नाहीतर तापल्यावर ते एकमेकांत जखडतील आणि त्यांच्यामध्ये तेलही शिरणार नाही. इंजिनाकडून येणारा दांडा क्षणात धावला आणि क्षणात रेंगाळला की मोकळ्या चाकाचे दाते त्या फटीत एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला आपटतात. त्यांच्यावर भार नसल्यानं त्यांना दाबून धरणारं काही नसतं. न्यूट्रलमध्ये सगळीच चाकं अशी मोकळी असतात, म्हणून तेव्हा गोंगाट सर्वांत जास्त.

यावरचा जुना उपाय म्हणजे क्लच प्लेटच्या मध्यभागी बसवलेल्या स्प्रिंगा. पोर्शेनं १९७८ च्या ९११ एससीत स्प्रिंगांऐवजी रबर वापरलं. कमी फेऱ्यांवरची गिअरची कुरकुर त्यानं दबली, पण रबर कालांतरानं फाटे आणि त्याचे तुकडे क्लचमध्ये अडकत. एससीचा क्लच बदलताना कित्येकांनी पुन्हा स्प्रिंगांची प्लेट बसवली.

खरी कलाटणी १९८५ मध्ये मिळाली. जर्मनीतल्या ब्यूल गावच्या लुक या क्लच बनवणाऱ्या कंपनीनं दुहेरी फ्लायव्हीलचं नियमित उत्पादन सुरू केलं. एका चाकाची दोन चाकं केली, एक इंजिनाला जोडलेलं आणि दुसरं क्लचच्या बाजूला. मध्ये स्प्रिंगा. त्यामागचा विचार मला फार सुंदर वाटतो. गिअरबॉक्सच्या बाजूला वजन वाढलं आणि स्प्रिंगा मऊ झाल्या की सगळी जोडणी ज्या फेऱ्यांवर थरथरू लागते, त्या आयडलिंगच्याही खाली उतरतात. चालू इंजिन तिथं थांबतच नाही; सुरू होताना आणि बंद होताना तेवढं त्यातून जातं. डिझेल गाड्यांना तर हे वरदानच ठरलं. आरएस ज्या पिढीतली, त्या ९११ च्या ९६४ पिढीतही हे चाक आलं. तिथली सुरुवातीची रबरी रचना टिकली नाही, पुढे स्प्रिंगांची आली.

मग आरएस बनवताना हे दुहेरी चाक काढून हलकं एकेरी का बसवलं? त्याचं कारण आकडेमोडीत आहे. मध्यापासून १२ सेंटीमीटरवर असलेलं ७ किलो वजन चाकातून काढलं असं धरू. पहिल्या गिअरमध्ये टायरच्या एका फेरीला इंजिनाच्या साधारण बारा फेऱ्या होतात, आणि चाकाचं जडत्व गाडीला जाणवतं ते या बाराच्या वर्गानं, म्हणजे १४४ पट. टायरची त्रिज्या ३० सेंटीमीटर धरली, तर पहिल्या गिअरमधल्या वेगवाढीपुरती गाडी जणू १६० किलोंनी हलकी होते. पाचव्या गिअरमध्ये हाच फायदा दहाएक किलोंवर येतो. म्हणजे लाभ खालच्या गिअरमध्ये, वळणातून बाहेर पडताना. शिवाय गिअर उतरवताना अ‍ॅक्सलरेटरला नुसता स्पर्श केला की इंजिन हव्या त्या फेऱ्यांवर उडी मारतं. ज्यानं हे एकदा पायाखाली अनुभवलं, तो खडखडीची तक्रार करत नाही असं मला ठामपणे वाटतं.

किंमत मात्र खरीखुरी आहे. थांबण्यासाठी क्लच दाबला की फेऱ्या इतक्या झपाट्यानं पडतात की आयडलिंग सांभाळणारी यंत्रणा मागं राहते आणि इंजिन बंद पडतं. हलकं चाक बसवलेल्या ९६४ मध्ये त्यासाठी कंट्रोल युनिटची चिप बदलण्याची पद्धत पडली. पोर्शेलाही हे कळत होतं. आरएसच्याच टूरिंग प्रकारात आरामशीर आसनांबरोबर दुहेरी चाकही होतं. पोर्शेच्याच करेरा जीटी या गाडीत उलट टोक गाठलं. १६९ मिलिमीटर व्यासाचा सिरॅमिक क्लच आणि अगदी कमी फिरतं वजन. जागेवरून निघताना ती गाडी भल्याभल्यांच्या हातून बंद पडते. २०१६ च्या ९११ आर मध्ये एकेरी चाक पर्याय म्हणून ठेवलं, ज्याला हवं त्यानं मागून घ्यावं.

अशी गाडी बघायला गेलात तर इंजिन पुरतं तापू द्या, कारण गिअरचं तेल पातळ झालं की खडखड वाढते आणि खरं रूप दिसतं. न्यूट्रलमध्ये क्लच दाबून आवाज थांबला तर ते मोकळे गिअर आहेत, काळजी नको. उलट क्लच दाबल्यावरच घरघर सुरू झाली, तर रिलीज बेअरिंग गेलंय. आणि दुहेरी चाकाच्या गाडीत इंजिन सुरू किंवा बंद करतानाच ठणठण ऐकू आली, तर मधल्या स्प्रिंगा थकल्यात का ते तपासून घ्या. तो खर्च मोठा असतो, भावात धरावा लागतो.