पित्तनलिकेतील अवघड खडे

पित्तनलिकेतील अवघड खडे म्हणजे मुख्य पित्तनलिकेतील असे खडे, जे फुगा किंवा जाळी वापरून अंतर्दर्शकाद्वारे नेहमीच्या पद्धतीने काढता येत नाहीत. खड्यामुळे पित्ताचा मार्ग अडल्यास कावीळ, स्वादुपिंडदाह किंवा पित्तनलिकादाह होतो. पित्तनलिकादाहातील जंतुसंसर्ग रक्तात पसरल्यास तो प्राणघातक ठरू शकतो.

पार्श्वभूमी

अंतर्दर्शकाद्वारे पित्तनलिकेच्या मुखाशी असलेला संकोची स्नायू छेदून खडे काढण्याची पद्धत १९७४ मध्ये जर्मनी व जपान येथे स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली. तोपर्यंत अशा खड्यांसाठी प्रामुख्याने पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागत असे. ईआरसीपी या तपासणीसह केल्या जाणाऱ्या या पद्धतीने बहुतेक खडे निघतात. सुमारे १० ते १५ टक्के रुग्णांत मात्र अन्य उपाय योजावे लागतात.

अवघडपणाची कारणे

१५ मिलिमीटरपेक्षा मोठा आकार, खड्यांची अधिक संख्या, नलिकेचा अरुंद भाग खड्याच्या खाली असणे आणि यकृतातील नलिकांत खडे असणे ही प्रमुख कारणे होत. जठराच्या पूर्वीच्या शस्त्रक्रियेमुळे मार्ग बदललेला असल्यास अंतर्दर्शक नलिकेच्या मुखापर्यंत नेणेच कठीण होते.

उपचारपद्धती

* मोठ्या फुग्याने विस्तारण : स्नायूला मर्यादित छेद देऊन १२ ते २० मिलिमीटर व्यासाच्या फुग्याने मुख रुंद करतात. नलिका स्वतःच अरुंद असल्यास ही पद्धत टाळतात.
* यांत्रिक खडाभंजन : खडा धातूच्या मजबूत जाळीत पकडून चिरडतात.
* पित्तनलिकादर्शन : नलिकेत बारीक दर्शक घालून खडा प्रत्यक्ष पाहत लेसरने किंवा विद्युत-द्रवचालित आघातलहरींनी फोडतात.
* शरीराबाहेरून आघातलहरी : मूतखड्याप्रमाणेच खडा फोडून तुकडे नंतर अंतर्दर्शकाने काढतात.
* त्वचेतून यकृतमार्गे प्रवेश : तोंडावाटे जाणे अशक्य असल्यास हा मार्ग निवडतात.

खडा लगेच निघत नसल्यास किंवा संसर्ग तीव्र असल्यास प्लास्टिकचा स्टेंट बसवून प्रथम पित्ताला वाट करून देतात. स्टेंट तुंबू शकत असल्याने तो काही महिन्यांत बदलणे किंवा काढणे आवश्यक असते. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास पित्तनलिकादाह पुन्हा उद्भवतो.

गुंतागुंत

स्वादुपिंडदाह, रक्तस्राव, आतड्याला छिद्र पडणे आणि जंतुसंसर्ग हे या उपचारांतील प्रमुख धोके आहेत. पित्ताशयातही खडे असल्यास पुनरावृत्ती टाळण्यासाठी सामान्यतः दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढून टाकतात.